मांडवाखालचा हात

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही — हे वाक्य आमच्या नात्यातल्या कोणी वाचलं तर तो पोट धरून हसेल. कारण हीच गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, हळद शिजताना कढईपाशी सांगितली आहे, एकदा तर चक्क दहाव्याला सांगितली आणि डोकं भादरलेला यजमान तोंडावर उपरणं धरून गदगदला. कंदुरीच्या मारामारीची गोष्ट. लेकरं फर्माईश करतात — मामा, मांडव पडला ती सांगा. मी सांगतो. उठून, हातवारे करून, पोट हलवून सांगतो. त्या गोष्टीत एक जागा खोटी आहे. एकच. बाकी सगळं बराबर. आता लिहायला बसलोच आहे तर ती जागा आधीच सांगून मोकळं व्हावं, नाही का? पण तिथं मला सरळ जाता येत नाही. जरा फिरून जातो — चला माझ्यासोबत.

मी कुरुंद्याचा. थोडी जमीन, थोडी हळद आणि पुष्कळसं तोंड. पोट पुढे गेलंय, केस मागे गेलेत, मधे मी उरलोय. मला कोणी कामाला बोलावत नाही, बोलायला बोलावतात. माझी बायको म्हणते, ह्यांना कोंबडी कापायला दिली तर हे तिला गोष्ट सांगत बसतील आन ती म्हातारी व्हऊन मरंल. तर असा मी — सगळ्यांचा दत्तामामा. ह्या माणसाचा हात कोणावर उठेल असं कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. कधी आलं नाही. त्याचाच मी फायदा घेतला.

माझी थोरली बहीण, आक्का, साखऱ्याकडं दिलेली. तिकडं रान कोरडवाहू, म्हणून शेतीच्या जोडीला मेंढरं-शेळ्यांचा कळप. तिचे मालक मारोतराव, आमचे दाजी — बोलणं कमी, काठी कायम हातात. दाजींचा भाऊ तरुणपणी गेला, त्याचा मुलगा रघू दाजींनीच वाढवला. रघू आणि दाजींचा विशाल एका ताटात जेवून मोठे झाले. पुढं विशाल पुस्तकांकडं गेला आणि रघू मेंढरांकडं. रघूच्या हातात कातर आली की बघत राहावं — मेंढी मांडीत दाबून तो लोकर अशी उतरवायचा की जनावराला वाटावं, कोणी अंगरखा काढून ठेवला.

आणि विशाल पायलट झाला. चार शब्दांचं वाक्य आहे, पण त्यात आक्काचं सोनं गेलं आणि दाजींची झोप गेली. लायसन हातात आल्यावरही नोकरी कितीतरी दिवस नव्हती. पोरगं घरी यायचं, रघूबरोबर कळपामागं जायचं, आणि गावातले लोक आभाळाकडं बघत विचारायचे, 'ईशाल, तुझं कोन्तं रे?' मग एकदाची एका विमान कंपनीनं त्याला घेतलं. हैदराबादला.

मी त्याच्याकडं जाऊन आलो होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. आक्कानं दिलेलं लोणचं घेऊन गेलो. विमानतळाजवळ एका इमारतीत खोली, खोलीत पाच पोरं, गाद्या तीन. एक ड्युटीला गेला की त्याच्या गरम गादीवर दुसरा. भिंतीवरच्या खुंट्यांना गणवेश टांगलेले — त्यांच्यासाठी मात्र जागा होती. विशाल अजून शिकाऊ होता. मोठ्या कप्तानाच्या शेजारी बसून उडायचं, त्यानं शेरा द्यायचा, असे पुष्कळ शेरे झाले की मग कायम. तोवर पगार नाही, भत्ता. काही दिवस उडायचं नसतं, नुसती वाट बघायची असते — फोन वाजला की लागलीच निघायचं, नाही वाजला तर दिवस फुकट. अंघोळीला जाताना पोरं फोन साबणाशेजारी ठेवायची. आजारी पडलं की उडणं बंद, उडणं बंद की त्याचे पैसे बंद. मधेच सोडून जाणार नाही असं कंपनीनं लिहून घेतलेलं. कंपनी सोडणार नाही असं मात्र कोणी लिहून दिलेलं नव्हतं. मी त्या रात्री फरशीवर झोपलो. निघताना विशाल बसपर्यंत आला, म्हणाला, "मामा, आईला ह्यातलं काही सांगू नका. तिला वाटून राहिलं लेकरू सुखात हाय. ऱ्हाऊ द्या तसंच."

काही सांगू नका, म्हणाला तो. मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी आणि गप्प?

मी आलो आणि सुटलो. कंपनीचं हॉटेल सांगितलं, हॉटेलात पोहायचा हौद सांगितला, न्यायला-आणायला पांढरी गाडी, गाडीचं दार उघडणारा माणूस सांगितला. पगार किती, असं कोणी विचारलं की मी डोळे मिटून घ्यायचो — आकड्यानं दिपल्यासारखे. लोक हसायचे, निम्मं खरं धरायचे, निम्मं सोडून द्यायचे. गोष्टीचं असंच असतं. पण दाजी हसायचे नाहीत. ते ऐकायचे. चिलीम विझेपर्यंत ऐकायचे आणि सगळं खरं धरायचे. असा श्रोता मिळाला की सांगणाऱ्यानं थांबायला पाहिजे. मला तर चेव यायचा.

आक्का पीराला बोललेली होती — लेकरू गणवेशात उभं राहिलं की कंदुरी करीन. आमच्याकडं नवस असा फेडतात: पीराला बोकड, मग सगळी भावकी, सोयरे, गाव जेवू घालायचं, आणि ताट तिथंच संपवायचं. विशालला जेमतेम सुट्टी मिळाली. गावाबाहेर पीराच्या मळ्यात मांडव घातला. दोन बोकड रघूच्या हातचे, बाटलीनं दूध पाजून वाढवलेले. मुलाणी चाचानं सुरी धरली तेव्हा पाय रघूनं धरले — म्हणाला, माझं जनावर दुसऱ्याच्या हातात तडफडू नये. पहिल्याच्या नरड्यातून रक्ताची चिळकांडी उडाली ती त्याच्या तोंडावर. त्यानं पुसली नाही. दुसऱ्या बोकडानं पाय इतके झाडले की रघूचं बोट फुटलं, नख उपटून आलं. तरी सोडलं नाही. मातीत रक्त मुरेना, वर माशा, कडेला कुत्र्यांची एकमेकांच्या नरड्याला धरून झोंबाझोंबी. तुम्ही म्हणाल, मामा, हे काहून सांगून राहिले? कारण त्या दिवशी सकाळपासूनच सगळ्यांच्या अंगात काहीतरी चढत होतं, असं मला म्हणावंसं वाटतं. पण ते खरं नाही. बाकीच्यांच्या अंगात चढलं असेल. माझ्या अंगात चढलं ते वेगळंच होतं, आणि ते मी सोबत घेऊनच आलो होतो.

रस्सा उकळेपर्यंत बाभळीमागं बाटल्या फिरल्या. पीराच्या हद्दीत नाही, तेवढी लाज आम्हाला आहे. विशालनं हात लावला नाही. कामावर गेलं की यंत्रात फुंकर मारून दाखवावी लागते, थेंबभर सापडली तरी गेली नोकरी. रघूनं ग्लास पुढं केला होता — "घे की कप्तान, का मेंढराच्या वासानं नाक दुखून राहिलं?" विशाल हसला. रघू हसला नाही. विशालच्या वाटणीची मग रघूनंच घेतली.

पंगत बसली आणि दाजी उभे राहिले. दाजी कधी उभे राहून बोलत नाहीत. म्हणाले, "आपला ईशाल आता इमान चालवून राहिला. दत्ताभाऊ पाहून आले सगळं. मंग आपुन आता लेंड्या काहून तुडवाव्या? मेंढरं इकून टाकतो. यापारी पाहून गेला."

रघूच्या हातातली भाकर खाली पडली. "आन मी काय करू, काका? इमानात झाडू मारू?"

"तुझंबी पाहीन ना."

"माझं पाहू नका. माझा कळप हाय तो. रातंदिस मी हाय त्याच्यामागं, हे बाबू न्हाई!" आणि विशालकडं बोट करून तो ओरडला — रक्तानं माखलेलं, नख उपटलेलं बोट — "तुझ्या एका पगारापायी माझी मेंढरं जाणार? कान फोडीन तुझा! कप्तान असशील घरचा!"

हे सगळ्यांनी ऐकलं. कान फोडीन. पंगतीतल्या प्रत्येकानं. वाढपी बायांनीसुद्धा.

आणि विशाल उठला. रघूवर नाही — बापाकडं वळून, हळू आवाजात बोलला. "बाबा, मेंढरं इकू नका. मला पगार न्हाई अजून. शिकाऊ हाय मी. कायम करतील का न्हाई तेबी ठरलं न्हाई. पाच जणं ऱ्हातो एका खोलीत."

"मंग दत्ताभाऊ म्हणून राहिले ते? पोहायचा हौद?"

विशालनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, हे मी आज सांगतो. खजील होऊन पाहिलं, जणू उघडा तोच पडत होता. "मामांनी पाह्यली ना खोली. मामा फरशीवर झोपले व्हते, बाबा."

मग भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे इमान दत्तूच उडवून राहिला म्हणा की! तेबी बिना तेलाचं!"

अख्खी पंगत हसली. मुलाणी चाचा हसले. माझी बायको — तीसुद्धा पदराआड. मी आयुष्यभर माणसं हसवलीत. हशाचा आवाज मला पाठ आहे. हा वेगळा होता. हा माझ्याबरोबर नव्हता, माझ्यावर होता. त्यात नवल काय? खोटं बोललो होतो, उघडा पडलो होतो. मीही हसायला पाहिजे होतं. हसलोही — दात दाखवले. आणि दातांच्या आत काय झालं ते मला सांगता येत नाही. एवढंच कळलं की मला ते पोरगं चिरडावंसं वाटलं. माझ्या बहिणीचं पोरगं.

तेवढ्यात रघू उठला होता. "ह्या फेकाड्याच्या बोलण्यावर माझी मेंढरं इकाया निघाले, काका?" म्हणून त्यानं दाजींची गचांडी धरली. दाजींनी त्याच्या मुस्काटात मारली. मग काय विचारता! जे दारू पिऊन होते ते सगळे सोडवायला धावले, आणि दारूबाज सोडवायला धावला की मारामारी दुप्पट होते. पळ्या उठल्या. कोणी कोणाच्या डोक्यात परात घातली. उकळत्या रश्शाचं पातेलं लवंडलं आणि दाजींच्या मावसभावाचे दोन्ही पाय भाजले, कातडी मोज्यासारखी सुटून आली. रघूच्या तोंडातून रक्त, दाजींच्या कपाळातून रक्त. विशाल मधे घुसला, दोघांना ढकलून वेगळं करायला. कोणाचा तरी धक्का बसला, मधला वेळू मोडला आणि अख्खा मांडव आमच्यावर आला.

इथंपर्यंत मी गोष्टीत सांगतो. इथं लेकरं टाळ्या वाजवतात.

कापडाखाली उजेड होता, पिवळा, उकडलेला. धूळ. मटणाचा, घामाचा, दारूचा वास. हातपाय, शिव्या, कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत. माझ्यापुढं एक पाठ आली, पांढरा इस्त्रीचा शर्ट, आणि त्यावर एक मान, आणि एक डावा कान.

मला तो कान ओळखू येत नव्हता असं म्हणू? धुळीत रघूच वाटला म्हणू? कितीदा वाटलं तसं म्हणावं. पण आमच्याकडं कान टोचताना लेकरू मामाच्या मांडीवर देतात. हे पोरगं माझ्या मांडीवर होतं. सोनार तार घालत होता आणि ते टाहो फोडत होतं आणि मी हाच कान दोन बोटांत धरून फुंकर घालत होतो. मला तो कान अंधारातही ओळखू आला असता. मी ओळखला. ओळखला — आणि मग मारलं.

उघड्या हातानं. तळहात पूर्ण उघडा, खांद्यापासून फिरवून, सगळं वजन घालून. ह्या अंगात एवढी ताकद असेल असं मलाच ठाऊक नव्हतं. बरोबर कानावर. फट्ट असा आवाज झाला, ओल्या पिशवीवर पाय पडावा तसा. त्याचं डोकं गर्रकन बाजूला गेलं. ओरडला नाही तो. "आई" एवढंच म्हणाला, फार हळू, आणि गुडघ्यांवर बसला.

माझा हात झणझणत होता. आणि खोटं सांगत नाही — एवढा एक क्षण मला बरं वाटलं. छान वाटलं. हे लिहिताना बोट थांबतंय, पण वाटलं.

मग मी काय केलं? त्याच हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "काय झालं रे बाळा, कुठं लागलं?" म्हणालो. त्याला कवेत धरून, कापड वर करून बाहेर आणला. सगळ्यांनी पाहिलं — कोण पोराला वाचवून आणतंय ते. शर्टाच्या खांद्यावर कानातून आलेला रक्ताचा ओघळ होता. आक्का धावत आली आणि माझ्या छातीला डोकं लावून रडली. "दत्ता, तू व्हतास म्हून," म्हणाली.

हिंगोलीच्या डॉक्टरनं आत बत्ती घालून पाहिलं. पडदा फाटलाय. असा कान घेऊन आभाळात जाता येत नाही. वरच्या हवेत काय होईल सांगता येत नाही. विशालनं एकच विचारलं — केव्हा भरेल? डॉक्टर म्हणाले, भरलाच तर महिने लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी अंगणात आले. हातात मेंढरांमागची काठी. रघू ओट्यावर बसला होता, सुजलेल्या तोंडानं, अजून पुरता शुद्धीत नव्हता. दाजींनी कोणालाच नाही विचारलं, मला विचारलं. "दत्ताभाऊ, तुमी जवळ व्हता. कोनाचा हात पडला?"

मला माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. खोटंच, पण कोणाच्या अंगावर न जाणारं. तेवढंही मी केलं नाही. मी सांगायला लागलो. मला दुसरं येतं काय? मांडव पडला इथून सुरुवात केली, कापड, धूळ, पांढरा शर्ट — सगळं खरं, हुबेहूब — आणि मग एक हात आला म्हणालो, आणि थांबलो. थांबणं मला फार चांगलं जमतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. काल हसलेले तेच. मी म्हणालो, "बोटाला नख नव्हतं त्याच्या."

दाजींची पहिली काठी रघूच्या खांद्यावर बसली, दुसरी पाठीवर. भावकीतल्या दोघांनी रघूला मागून धरला. "काका, मी न्हाई... आठवत न्हाई काका," तो म्हणत होता. त्याला खरंच आठवत नव्हतं. काठी डोक्याकडं आली तशी त्यानं उजवा हात सोडवून आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या हातावरच दाजी परत मारत राहिले. पडलेल्यावर मारत राहिले. जनावरालाही कोणी तसं मारत नाही. रघू अंगणात लोळत होता आणि त्याच्या तोंडात माती जात होती. घरातून विशाल ओरडला, "बाबा, सोडा त्याला!" आणि उठून आला, पण त्या कानानं त्याचा तोल जात होता, त्याला आवाज कुठून येतोय ते कळेना. भिंतीकडं चालत गेला, उंबऱ्यात आपटला. मी अंगणात उभा होतो. दाजींचा हात धरायला दोन पावलं पुरली असती. मी उभा होतो.

रघूचं मनगट वाकडंच बसलं. कातर धरता येत नाही. लोकर काढायला माणूस नाही म्हणून कळप शेवटी विकलाच. दाजी-रघू बोलत नाहीत. रघू वसमतला हळदीच्या गोदामावर रखवालदार आहे. विशालचा पडदा आपोआप भरला नाही, ऑपरेशन करावं लागलं. तोवर त्याच्याबरोबरची पोरं कायम झाली, त्यांच्या खांद्यावर पट्ट्या वाढल्या. ह्याच्या तपासणीत डावा कान कमी भरला. शिकाऊ माणसासाठी कोण थांबतं? कंपनीनं करार संपवला. तो तिथंच हैदराबादला दुसऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात बसतो, कोणत्या पायलटनं कधी उडायचं ते लावून देतो. पोरं फोन करून भांडतात त्याच्याशी — सर, सारखं पहाटेचंच काहून? तो त्यांना समजावतो. परत तपासणीला बसणार म्हणतो. दरवेळी म्हणतो.

आणि मी? मी त्याची गोष्ट केली. त्याच वर्षी. आधी हळूहळू, सोयऱ्यांत. माणसं आम्हाला विचारायची, काय झालं हो नेमकं? मग सांगावं लागायचं. सांगताना रघूचं झिंगणं आलं, 'इमानात झाडू मारू' आलं, माझं कापडाखालचं रांगणं आलं, माझी फजितीसुद्धा आली — ती मी सगळ्यात रंगवून सांगतो, म्हणून तर माणसं बाकीचं खरं मानतात. आणि मधोमध तो बिननखाचा हात. दरवेळी तोच. आता तर मीही तो हात पाहतो. खरंच दिसतो. जिल्ह्यात जिथं जिथं आमचे सोयरे आहेत — हट्ट्यापासून साखऱ्यापर्यंत — तिथं रघू गेला की लेकरं आपापले कान झाकतात आणि हसत पळतात. ही गंमत लेकरांना मी शिकवली.

वाटलं असेल तुम्हाला, हीच ती खोटी जागा. मलाही वाटत होतं. पण ह्या उन्हाळ्यापर्यंतच.

माझ्या लेकीचं लग्न होतं. रघू आदल्या दिवशीच मदतीला आला. दाजी बोलत नाहीत तरी तो माझ्याकडं येतो, कारण मी त्याच्याशी नेहमी गोड बोललोय. दुपारी आम्ही दोघंच मागच्या पडवीत होतो. मी पानं पुसत होतो, तो डाव्या हातानं नारळ सोलत होता, वाकडा हात नारळावर दाबून धरलेला. मग म्हणाला, "मामा, एक विचारू? तुमी तिथं व्हता. मला त्या दिवसाचं काहीच आठवत न्हाई. पयले वाटायचं, मी न्हाई मारलं. ईशालला मी कसा मारीन? पण तुमची गोष्ट ऐकून ऐकून आता मला तो हात दिसून राहिला. माझाच दिसतो. खरं सांगा — मीच व्हतो ना?"

त्यानं मान वर करून पाहिलं. दारू त्यानं केव्हाच सोडलीय, डोळे स्वच्छ आहेत त्याचे. बाहेर मांडवाचे वेळू रोवत होते. कोणी ऐकणारं नव्हतं, कोणी हसणारं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं फार तर तो नारळ माझ्या डोक्यात घातला असता.

मी म्हणालो, "व्हय रे. तूच व्हतास."

त्यानं मान हलवली. नारळ खाली ठेवला. म्हणाला, "बरं झालं सांगितलं. डोक्याला लई तकलीफ व्हती."

लग्न उरकल्यावर तो हैदराबादला गेला. कोणाला न सांगता. पंधरा दिवसांनी विशालचा मला फोन आला. तो आता फोनवर मोठ्यानं बोलतो, उजव्या कानाला लावून. म्हणाला, "मामा, रघू आला व्हता. ऑफिसाच्या दारात पाय धरले माझे. लई रडला. माफ कर म्हणाला, माझ्या हातून झालं. मी म्हणलं, जाऊ दे रघ्या, झालं ते झालं. केलं माफ. चूक केली का मामा मी?"

मी म्हणालो, "न्हाई बाळा. बराबर केलंस."